लेकीचे रिपोर्ट आणि माझी बढाई

माझी लेक घरात पाण्याचा गिलाससुद्धा उचलत नाही, हे मी चारचौघांत छाती फुगवून सांगायचो. दुसरे बाप ही गोष्ट तक्रार म्हणून सांगतात, मी कौतुक म्हणून सांगायचो. त्याला कारण माझी आई. तिनं उभी हयात रोजगार हमीच्या कामांवर टोपली वाहिली. आमच्या शेलूबाजारच्या आजूबाजूला ज्या सडकांवरून आज जीपगाड्या धावतात, त्यांच्या पोटात तिनं टाकलेली गिट्टी आहे. डोक्यावर टोपल्याखाली कापडाची चुंबळ ठेवून ठेवून तिच्या टाळूवरचे केस गेले होते. ती न्हायला बसली की ती रुपयाएवढी गुळगुळीत जागा मला दिसायची, आणि मी दुसरीकडे बघायचो.

मी शिकलो, मंगरूळपीरला सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. लेक जन्मली त्या दिवशी दवाखान्यातच आईला सांगून टाकलं, "माय, इच्या डोक्यावर टोपलं चढू देनार नाई मी."

आई म्हणाली, "नको चढू देऊ बाप्पा. पन आधी तिची मान तं नीट धर, लचकून राह्यली."

तर अशी ही लेक. घरातल्या एका खोलीत तिच्यासाठी खिडकीपाशी टेबल-खुर्ची मांडून दिली. आमच्या वस्तीत पोरीसाठी वेगळं टेबल घेणारा मीच पहिला, हेही मी चारचौघांत सांगायचो. दहावीला तिनं शाळेत पहिला नंबर काढला, अकरावीला सायन्स घेतलं. रविवारी मात्र ती घरी टिकत नसे. विहारात सगळ्या पोरी मिळून असतो म्हणायची. अभ्यासच करत असतील, दुसरं काय करणार, असं मी धरून चालायचो. रविवारी दुपारी मला कचेरीची आठवडाभराची झोप काढायची असते, त्यामुळे खोलात कोण जातो?

दिवाळीनंतर तिला ताप आला. साधाच होता, पाच-सहा दिवसांत उतरला, पण डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. बाकी सगळं ठीक होतं. फक्त लिव्हरच्या तपासणीतले दोन आकडे, एसजीओटी आणि एसजीपीटी, वाढलेले निघाले. मंगरूळपीरचे डॉक्टर म्हणाले, तापानंतर होतं असं, थोडे दिवस जाऊ द्या आणि पुन्हा तपासा. मी दिवस जाऊ दिले. सोमवारी सकाळी कचेरीत जाताना तिला बरोबर घेतलं, रक्त द्यायला लावलं आणि तिथूनच कॉलेजात धाडलं. संध्याकाळी रिपोर्ट हातात आला. जे चाळिसाच्या आसपास असायला हवं, ते दोनशेच्या वर गेलं होतं.

आमच्याकडे लिव्हर हा शब्द एकाच कामासाठी वापरतात. अमक्याचं लिव्हर गेलं म्हणजे तो दारूनं गेला. माझे वडील तसेच गेले. पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे. मी तेव्हा नववीत होतो. म्हणून तो रिपोर्ट घेऊन जीपमध्ये बसलो तेव्हा कपाळ पुसत तो पुन्हा पुन्हा उघडून बघत होतो. माझ्या लेकीच्या नावाच्या कागदावर वडिलांच्या मरणाचा शब्द छापलेला होता. शेजारच्या माणसानं विचारलं, "काय झालं भाऊ?" मी म्हणालो, काही नाही, घाम आला. बाहेर थंडी मरणाची पडली होती.

घरात मग पथ्यपाण्याचं राज्य सुरू झालं. बायकोनं तेलाची बरणी वरच्या फळीवर चढवली. ठेचा बंद, तळण बंद, उसाचा रस सुरू. तिचा भाऊ दूरच्या गावातल्या एका बाबाची काविळीची मुळी आणायला निघाला होता. डॉक्टरांनी कावीळ नाही म्हणून स्वच्छ सांगितलं होतं, तरी निघाला होता. मी त्याला असं काही झापलं की तो महिनाभर घराकडे फिरकला नाही. माझा स्वभाव तापट आहे हे मला मान्य आहे, पण त्या दिवशीचं ओरडणं मी परत घेणार नाही.

आईनं नातीला दारात उजेडात उभं केलं, पापणी खाली ओढून बघितली, नखं बघितली आणि म्हणाली, "पोट्टी ठनठनीत हाये. तुमीच बिमार पडसान."

तिच्यावर कोण विश्वास ठेवतो? आम्ही वाशीमला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर शांत स्वभावाचे होते, एकेक प्रश्न सावकाश विचारायचे. काही गोळ्या चालू आहेत का? नाही. काढा, झाडपाला, ताकदीची पावडर? नाही. घरात कुणाला लिव्हरचा आजार? मी वडिलांचं सांगितलं, दारूचंही सांगितलं, मान खाली घालून. मग त्यांनी लेकीकडे बघत विचारलं, "काही जड काम, व्यायाम वगैरे करतेस का?"

तिनं तोंड उघडायच्या आत मी उत्तर दिलं. "डॉक्टरसाहेब, माझी लेक घरात पाण्याचा गिलाससुद्धा उचलत नाही."

दुःखातसुद्धा माझी बढाई सुटली नव्हती. डॉक्टरांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. लेक खिडकीबाहेर बघत बसली.

त्यानंतर तपासण्यांची रांग लागली. सोनोग्राफी झाली, लिव्हर चांगलं दिसत होतं. काविळीचे जे वेगवेगळे प्रकार असतात त्यांच्या चाचण्या झाल्या, एकही निघाला नाही. मग डॉक्टर म्हणाले, एक दुर्मीळ आजार असतो, त्यात शरीरात तांबं साठत जातं, या वयात तो तपासून घ्यावा लागतो. मी तांबं एवढंच ऐकलं. घरी आलो आणि आईचा पाणी भरायचा तांब्याचा गुंड, जो ती सडकेच्या पहिल्या पगारातून आणल्याचं सांगते, उचलून थेट माळ्यावर टाकला.

आई म्हणाली, "काहून रे? गुंडानं काय केलं तुह्यं?"

"तांबं बाधते म्हन्ते डॉक्टर."

"मंग मी कशी जित्ती हाये?"

मी गुंड आणखी आत ढकलला. डोळ्यांची तपासणी झाली, रक्तातल्या तांब्याची झाली, तो आजारही नव्हता. आई रोज माळ्याकडे बघून सुस्कारे टाकायची, पण गुंड खाली आला नाही. माझी भीती अशी आंधळी झाली होती.

मधे एकदा कॉलेजच्या चाचणी परीक्षेच्या आठवड्यात, गुरुवारी रक्त दिलं, तर आकडे निम्म्यावर आलेले. घरात सणासारखा आनंद झाला. बायको म्हणाली हा उसाच्या रसाचा गुण, मी म्हणालो पथ्याचा. पुढच्या पंधरवड्यात सोमवारी पुन्हा रक्त दिलं आणि आकडे आधीपेक्षाही वर गेले. त्या रात्री बायको जेवली नाही. लेकच तिला समजावत होती, "आई, मले काई नाई झालं व. मस्त भूक लागते मले." भूक लागत होती खरी. तेल नाही, मिरची नाही, तरी ती तीन-तीन भाकरी खायची. लिव्हर गेलेल्या माणसाला अन्नाची वासना राहत नाही, हे मी माझ्या घरात बघितलं होतं. तरी डोक्यात उजेड पडला नाही.

मोठ्या डॉक्टरांनी तो चढ-उतार बघितला, कपाळाला आठ्या घातल्या आणि आणखी एक चाचणी लिहिली. तिचा निकाल घेऊन आम्ही त्यांच्यापुढे बसलो. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि पहिल्यांदा हसले.

"हे जे एन्झाइम वाढलेत ना, ते फक्त लिव्हरमध्ये नसतात. स्नायूंमध्येही असतात. आता मी स्नायूंची वेगळी चाचणी केली, ती कितीतरी पट जास्त आली आहे. ही मुलगी ओझं उचलते. चांगलं दणकून उचलते. कुठं?"

मी हसलो. म्हणालो, "साहेब, मी तुम्हाला सांगितलं ना..."

"तुम्हाला नाही विचारत." ते लेकीकडे वळले. "हात दाखव बेटा."

तिनं मुठी उघडल्या. तळहातांवर घट्टे होते. बोटांच्या मुळाशी, पिवळसर, कडक. पेन धरून असे घट्टे पडत नाहीत. रोज सकाळी ज्या हातात मी डब्याची पिशवी देत होतो, तो हात मी कित्येक महिन्यांत बघितलाच नव्हता.

"घमेलं उचलतो आमी," ती खाली बघून म्हणाली. "रविवारी. विहाराच्या बाजूले अभ्यासिका बांधून राह्यलो. पायात मुरूम भरला, मंग विटा, रेती. सकाळी सातपासून."

"आणि रक्त सोमवारी द्यायचीस," डॉक्टर म्हणाले. "आकडे उतरले त्या आठवड्यात कामावर गेली नव्हतीस ना?" ती म्हणाली, "परीक्षा होती." मग त्यांनी विचारलं, लघवीला कधी काळपट झालं का, पाणी किती पितेस. तिनं नीट उत्तरं दिली. काळजीचं काही नाही, पण तीन आठवडे संपूर्ण विश्रांती, घमेल्याला हात लावायचा नाही, भरपूर पाणी प्यायचं आणि मग पुन्हा तपासायचं, असं त्यांनी बजावलं. "तेव्हा आकडे खाली आले की आपण मोकळे. नाही आले तर पुढं बघू."

ते 'नाही आले तर' माझ्या मनात रुतून बसलं. पण खरं सांगतो, एसटीत बसल्यावर भीतीपेक्षा रागच जास्त होता. ज्या टोपल्याला मी तिच्या जन्माच्या दिवशी बंदी घातली, ते माझ्या पाठीमागे तिच्या डोक्यावर चढलं होतं. वाशीम ते शेलूबाजार मी खिडकीबाहेरच बघत राहिलो. ती मधेच पाण्याची बाटली तोंडाला लावायची आणि माझ्याकडे चोरून बघायची.

घरी आल्यावर भांडं फुटलं. सगळ्या वस्तीला माहीत होतं. माझ्या बायकोला माहीत होतं.

"मले वाटलं, पोट्टी दोन-चार घमेले उचलत असन," बायको म्हणाली. "त्याचा अन् लिव्हरचा संबंध हाये हे मले कोनं सांगतलं? अन् तुमाले सांगावं तं तुमी घर डोक्यावर घेता."

"अन् माय, तुले?"

आई भिंतीला टेकून बसली होती. "मीच देल्ली तिले चुंबळ करून," ती म्हणाली. "माह्या जुन्या लुगड्याची. जाड केली चांगली. नाई तं पोट्टीचे केस गेले असते."

मी लेकीकडे वळलो. "तुले टेबल देल्लं, खुर्ची देल्ली, खिडकी देल्ली. तुले कायले पाह्यजे अभ्यासिका?"

"मले नाई पाह्यजे बाबा," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण नजर खाली गेली नाही. "मले टेबल हाये. बाकीच्याईले कुठी हाये? एका खोलीत सहा-सहा जन राह्यते. पोट्टे तरी विहाराच्या ओट्यावर जाऊन बसते. पोरी कुठी बसतीन? सामानाचे पैसे वस्तीनं जमवले. मजुरी परवडत नव्हती, म्हनून आमी म्हन्लं, मिस्त्री तेवढा लावा, बाकी आमी करतो."

"मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी नाई म्हन्ले असते."

म्हणालोच असतो. आई मधे बोलली, "अरे, म्या टोपलं उचललं थे पोटासाठी. मुकादम म्हनन तिथं टाकाचं अन् घरी याचं. इचं पोटासाठी हाये का? जाऊन पाह्य तरी एकदा."

रविवारी झोप सोडून मी विहारापाशी गेलो. भिंती खिडक्यांच्या वर गेल्या होत्या. दहा-बारा पोरी रांगेत विटा पुढे सरकवत होत्या, पोरं मिस्त्रीला माल देत होती. माझी लेक विटांच्या ढिगावर हात बांधून बसली होती आणि सगळ्यांना हुकूम सोडत होती. मला बघून काम थांबलं. सगळ्यांना माझा स्वभाव ठाऊक होता.

मग एक पोरगी धीर करून म्हणाली, "काकाजी, तुमची पोट्टी अर्धं घमेलं भरूच देत नाई. पोट्टे म्हनत होते, पोरीईले जमनार नाई. तं इनं सांगतलं, जेवढं तुमाले तेवढंच आमाले. मुरूम सारा आमीच भरला, त्याईले शिवू नाई देल्ला."

एक पोरगा मागून म्हणाला, "खरी गोष्ट हाये काकाजी."

मी भिंतींखालच्या त्या पायाकडे बघितलं. त्या मुरमातलं प्रत्येक घमेलं माझ्या लेकीनं कुणाच्या तरी बरोबरीनं भरून, उचलून, चालत जाऊन ओतलं होतं. ते ओझं तिच्या रक्तात उतरलं होतं आणि मोठमोठ्या डॉक्टरांना कोड्यात टाकत होतं. अशी लेक मी बघितली नाही. मी तिला तसं म्हणालो नाही. फक्त जाताना म्हणालो, "पानी पेली का?"

स्लॅबचा दिवस नेमका तिच्या विश्रांतीत आला. स्लॅब एकदा सुरू केला की मधे थांबवता येत नाही, माणसांची साखळी खालून वरपर्यंत अखंड लागते, एकेक माणूस मोलाचं असतं. लेकीचा चेहरा पडला होता. मी रजा टाकली, जुनी पँट घातली आणि निघालो. दारात आईनं हाक मारली. तिनं लुगड्याची ती चुंबळ माझ्या डोक्यावर ठेवली, जरा मागे सरकवली, पुन्हा पुढे घेतली. तिची बोटं टाळूला लागली तेव्हा माझ्या ध्यानात आलं की माझ्या डोक्यावरही ही कधी चढली नव्हती. मी सडकेच्या कामावर तिच्या मागे गेलो की ती मला झाडाखाली पाटी-पुस्तक घेऊन बसवायची. लेकीसाठी घातलेली ती आण मी माझी समजत होतो, ती मुळात आईची होती. तिनं ती पाळली होती आणि कुणाला सांगितली नव्हती.

साखळीत मी उभा राहिलो. पहिलं घमेलं आलं आणि कचेरीतली सगळी वर्षं मानेत जमा झाली. खुर्चीवर बसलेली लेक ओरडत होती, "बाबा, मान सरळ! टोंगळ्यातून उठा, कमरेतून नको!" मी गुडघे वाकवून बघितले, लोक हसत होते. मीही हसत होतो आणि धापा टाकत होतो. दिवस मावळायच्या आत स्लॅब पडला.

दुसऱ्या दिवशी मला खाटेवरून उठता येईना. आई दारातून डोकावली आणि सुनेला म्हणाली, "आता याचं लिव्हर तपासाले न्या व." मग माळ्याकडे बोट दाखवून मला म्हणाली, "अन् उठला की माहा गुंड खाली काढ."

गुंड मी त्या दिवशी काढला नाही. तीन आठवडे भरायचे होते. रोज सकाळी लेकीचे डोळे बघायचो, तिचं माझ्याकडे लक्ष गेलं की दुसरीकडे बघायचो. त्या दिवसांत तिनं सगळ्या पोरींचं पाठांतर घेतलं, खिडक्यांच्या रंगावरून पोरांशी भांडण केलं, पण घमेल्याला बोट लावलं नाही. मी पहारा ठेवला होता, पण गरज नव्हती. शब्दाची पक्की आहे.

शेवटचं रक्त दिलं आणि रिपोर्ट घेऊन आम्ही वाशीमला गेलो. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, पुन्हा वाचला आणि कागद माझ्याकडे फिरवला. दोन्ही आकडे जिथे असायला हवे तिथे होते. स्नायूंचाही उतरला होता.

"लिव्हर उत्तम आहे," ते म्हणाले. मी खुर्चीतच डोळे पुसले, लाज वाटली नाही. लेकीनं माझ्या पाठीवर हात ठेवला, घट्टे असलेला.

डॉक्टर गमतीनं म्हणाले, "मग आता तरी पाण्याचा गिलास उचलते का घरी?"

"नाही साहेब, तो अजून मीच देतो," मी म्हणालो. "पण कधी शेलूबाजारकडून गेलात तर आमच्या वस्तीत जरूर या. पोरींची अभ्यासिका आहे तिथं. तिच्या पायातला मुरूम माझ्या लेकीनं डोक्यावरून वाहिला आहे."

दार उघडं होतं आणि बाहेर बसलेले पेशंट माना वळवून बघायला लागले होते. लेकीनं माझी बाही ओढली. "बाबा, हळू बोला ना."

मी सगळं पुन्हा एकदा सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.